गिरडचे दगडी नारळ आणि लाव्ह्याखालची तळी

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे सेवाग्राम आणि पवनार ही दोन ठिकाणे प्रथम डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्याच्या आग्नेय भागातील समुद्रपूर तालुक्यात वसलेले गिरड हे गाव मात्र एका निराळ्याच कारणाने विदर्भात सर्वदूर परिचित आहे. वर्धा शहरापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असलेल्या या गावाच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही धर्मांचे भाविक येथे पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. दर्शन आटोपून टेकडी उतरणाऱ्या यात्रेकरूची नजर सहजच पायाखालच्या गोल, लांबट, गुळगुळीत दगडांकडे जाते. काही सुपारीएवढे, तर काही त्याहून मोठे. 'हे बाबांनी दगड केलेले नारळ-सुपारी', असे कोणीतरी सांगते आणि ऐकणारा वाकून एखादा दगड हाती घेतो.

फळ दगड झाले असेल, तर विज्ञानाच्या भाषेत त्याला जीवाश्म म्हणावे लागेल. गिरडचे हे दगड खरोखरच जीवाश्म आहेत काय? नसतील, तर ते काय आहेत? आणि ज्यांना निःसंशय जीवाश्म म्हणता येईल असे दगड या जिल्ह्यात कोठे सापडतात? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वर्धा परिसराचे चित्र उभे राहते.

आख्यायिका

गिरडच्या दगडांची लेखी नोंद जुनी आहे. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ साली अस्तित्वात आला. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८७० साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये गिरडचे वर्णन आढळते. त्या काळी हे गाव हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्येही दर्ग्याची आणि तेथील दगडांची कथा देण्यात आली.

या कथेनुसार शेख फरीद हे तीस वर्षे फकिरी वृत्तीने भ्रमण करून इसवी सन १२४४ च्या सुमारास या टेकडीवर आले. एकदा दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन येथून चालले असता त्यांनी या साधुपुरुषाची थट्टा केली. त्याचे शासन म्हणून त्यांचा सारा माल दगड झाला. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना तितकाच नवा माल निर्माण करून दिला. हे सामर्थ्य पाहून दोघेही व्यापार सोडून बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच आहेत, असे मानण्यात येते.

सुप्रसिद्ध सूफी संत बाबा फरीद यांची समाधी आज पाकिस्तानात असलेल्या पाकपट्टन येथे आहे. गिरडची टेकडी ही त्यांच्या तपश्चर्येची जागा होय, अशी भाविकांची श्रद्धा आहे. इतिहासाचा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी आख्यायिकेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इतरत्र कोठे न दिसणारे दगड एकाच टेकडीवर इतक्या मोठ्या संख्येने का, हा प्रश्न येथील लोकांना शेकडो वर्षांपूर्वीच पडला होता. त्यांनी आपल्या परीने त्याचे उत्तरही शोधले होते. निरीक्षण अचूक होते. कारणमीमांसेसाठी मात्र भूविज्ञानाचा उदय व्हावा लागला.

वायूच्या बुडबुड्यात घडलेला दगड

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्ह्याचे लोट बाहेर पडले आणि एकावर एक थर साचत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेल्या या थरांना 'दख्खन ट्रॅप' असे संबोधण्यात येते. सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांची जाडी फार मोठी आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नागपूर-चंद्रपूरच्या परिसरात हे थर संपतात. गिरड हे या पाषाणी पठाराच्या पूर्व काठाजवळचे गाव आहे.

जमिनीतून वर येणाऱ्या लाव्ह्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. दाब कमी होताच हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतात. सोडावॉटरची बाटली उघडली असता जे घडते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. लाव्हा थिजत असताना वरच्या भागातील पुष्कळसे बुडबुडे बाहेर पडू शकत नाहीत. ते जागच्या जागी अडकतात आणि खडकात गोल किंवा लांबट पोकळ्या राहतात. लाव्हा अद्याप वाहत असेल, तर या पोकळ्या ताणल्या जाऊन बदामाचा किंवा खारकेचा आकार धारण करतात.

पुढे दीर्घकाळ खडकाच्या फटींतून ऊन पाणी झिरपत राहते. खडकातील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम इत्यादी द्रव्ये त्यात विरघळतात आणि पोकळ्यांच्या आतील बाजूस स्फटिकरूपाने जमू लागतात. थरावर थर चढत अखेर पोकळी भरून जाते. अशा पोकळ्यांत प्रामुख्याने आढळणाऱ्या खनिजांच्या एका गटाला झिओलाइट असे नाव आहे. क्रॉन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. ही खनिजे तापवली असता त्यांतील पाणी उकळल्याप्रमाणे बाहेर पडते, म्हणून 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक शब्द त्याने योजले. महाराष्ट्रातील बेसाल्टमधून निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत.

गिरडच्या टेकडीवर पसरलेल्या गाठी या झिओलाइटी जातीच्या आहेत, अशी नोंद इंपीरियल गॅझेटियरनेच करून ठेवली आहे. ऊन-पावसाने भोवतालचा बेसाल्ट कुजून त्याचा मुरूम होतो. मुरूम वाहून जातो आणि पोकळीत घट्ट भरलेल्या गाठी मोकळ्या होऊन उतारावर पडून राहतात. शेंगदाण्याचे टरफल गळून दाणा हाती यावा, तसाच हा प्रकार होय.

हे जीवाश्म का नव्हेत?

आकार फळासारखा असला, तरी या गाठी जीवाश्म नव्हेत, असे म्हणण्यास तीन कारणे आहेत.

पहिले कारण उष्णतेचे. बेसाल्टचा लाव्हा बाहेर पडतो, तेव्हा त्याचे तापमान अकराशे अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यात सापडलेले नारळ किंवा सुपारी क्षणात जळून जाईल. लाव्ह्याच्या ऐन पोटात जन्मलेली गाठ एके काळी फळ होती, असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण अंतर्रचनेचे. जीवाश्म झालेल्या फळात साल, तंतू, बी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीसुद्धा ओळखू येतात. नारळाच्या करवंटीवरील तीन डोळे त्याची जात सांगतात. झिओलाइटी गाठ फोडली, तर आत एका बिंदूपासून निघून सर्व बाजूंना पसरणारे सुईसारखे स्फटिक किंवा एकात एक वेटाळलेले थर दिसतात. ही रचना खनिजाच्या वाढीची आहे, वनस्पतीच्या नव्हे.

तिसरे कारण आकारांच्या विविधतेचे. निसर्गात नारळ, सुपारी आणि जायफळ ही वेगवेगळ्या झाडांची फळे असून त्या प्रत्येकाची ठेवण ठरलेली असते. टेकडीवरील गाठींत मात्र लहानापासून मोठ्यापर्यंत सर्व मधले आकार सापडतात. बुडबुडे लहानमोठे असतात, म्हणून गाठीही लहानमोठ्या होतात.

येथे शाळिग्रामाचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या देव्हाऱ्यात असलेला चक्रांकित शाळिग्राम हा नेपाळमधील गंडकी नदीच्या पात्रातून येतो. ज्यावर चक्राची खूण असते, तो शाळिग्राम अमोनाइट नावाच्या, आता नष्ट झालेल्या सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे समुद्र होता, याची ती साक्ष होय. शाळिग्रामाला कोणी प्राण्याचा अवशेष म्हणत नाही, तरी तो जीवाश्म आहे. गिरडच्या दगडाला सर्वजण दगड झालेले फळ म्हणतात, तरी तो जीवाश्म नाही. केवळ आकारावरून निर्णय करता येत नाही, हा धडा या दोन दगडांपासून घेता येतो.

लाव्ह्याच्या दोन थरांमधील तळी

मग दगड झालेली खरी झाडे आणि फळे कोठे आहेत? ती याच परिसरात आहेत. मात्र ती लाव्ह्याच्या थरात नसून दोन थरांच्या मधल्या सांदीत आहेत.

लाव्ह्याचे उद्रेक अखंड चालू नव्हते. एक थर पसरला की मध्ये विश्रांतीचा काळ येई. थंड झालेल्या पृष्ठभागावर पावसाचे पाणी पडे. सखल जागी ते साचून तळी तयार होत. खडक झिजून माती बने, काठांवर झाडे वाढत, पाण्यात शेवाळ, गोगलगायी आणि मासे नांदू लागत. त्या वेळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि उत्तरेकडे सरकत होता. हवा उष्ण होती आणि तळ्यांकाठी ताडवर्गीय वृक्षांची दाटी होती.

तळ्याच्या तळाशी गाळ साचे. त्यात खोडांचे तुकडे, पाने, फळे, बिया आणि शिंपले पुरले जात. जवळच्या तप्त खडकांतून आणि राखेतून सिलिकाने भारलेले पाणी त्या गाळात मुरत असे. लाकडाच्या प्रत्येक पेशीत सिलिका शिरून ती घट्ट होई आणि लाकूड कुजण्यापूर्वीच त्याचा दगडी साचा तयार होई. पुढे नवा लाव्हा येऊन तळे झाकून टाकी. हा लाव्हा वरून आला, तोपर्यंत अवशेष गाळात सुरक्षित झाकले गेले होते. अशा रीतीने दोन ट्रॅपांच्या मध्ये दबलेल्या गाळाच्या या पातळ थरांना भूवैज्ञानिक 'आंतरट्रॅपी थर' म्हणतात. त्यांची जाडी पुष्कळदा अवघी एक-दोन मीटर असते. परंतु जीवनाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल वरखालच्या शेकडो मीटर बेसाल्टहून अधिक आहे.

गिरडच्या गाठी आणि हे जीवाश्म यांचे नाते आता स्पष्ट होईल. दोन्ही एकाच ज्वालामुखी युगाची अपत्ये आहेत आणि दोन्ही घडवण्याचे काम झिरपणाऱ्या पाण्याने केले आहे. एकाने रिकामी पोकळी भरली, दुसऱ्याने सजीवाचा देह जतन केला.

संशोधनाची परंपरा

विदर्भातील या थरांचा अभ्यास फार लवकर सुरू झाला. माल्कमसन या शल्यचिकित्सकाने दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशाच्या पूर्व भागातील जीवाश्मांवरील आपला निबंध १८३७ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे सादर केला. त्यानंतर नागपूरला १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळील टाकळी येथील थरांतून फळे, बिया, लाकूड, कीटक आणि शिंपले यांचा मोठा संग्रह केला. हंटर या सहकाऱ्यासमवेत त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूरचनेविषयीचा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला. १८६३ साली टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय आणि हिस्लॉपाइट हे खनिज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

विसाव्या शतकात डॉ. बिरबल साहनी यांनी या अभ्यासाला नवी दिशा दिली. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील गारगोटीतून अश्मीभूत फुले आणि फळे मिळवून त्यांनी त्यांची सूक्ष्म रचना उलगडली. लखनौ येथील त्यांच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसवण्यात आली. त्या कोनशिलेतच निरनिराळ्या देशांतील जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर एकाच आठवड्याने डॉ. साहनी यांचे निधन झाले.

वर्धा जिल्ह्यातील नवरगाव येथील आंतरट्रॅपी थरही अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. शेटे आणि कुलकर्णी या संशोधकांनी जिल्ह्यातील या थरांत मिळालेल्या द्विदल वृक्षांच्या अश्मीभूत खोडांचे सविस्तर वर्णन १९८२ साली प्रसिद्ध केले. वर्ध्याच्या मातीत दगड झालेले अरण्य आहे, ही गोष्ट अशा रीतीने जगाच्या वैज्ञानिक वाङ्‌मयात नोंदली गेली आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे लाव्ह्याच्याही खालच्या थरांत डायनासोरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. या विष्ठेच्या तपासणीत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण आढळले, असे २००५ साली भारतीय आणि परदेशी संशोधकांनी जाहीर केले. गवत हे डायनासोरच्या अस्तानंतरच उदयास आले असावे, हा तोवरचा समज त्यामुळे बदलावा लागला. शेतात पडलेल्या एका ओबडधोबड दगडाने जगाच्या पाठ्यपुस्तकात दुरुस्ती घडवून आणली, ती अशी.

जीवाश्म ओळखावा कसा?

येथे एक विसंगती जाणवते. गिरडची गाठ दिसायला फळासारखी असल्यामुळे तिच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. खरा जीवाश्म मात्र बहुधा साध्या पांढुरक्या, करड्या किंवा तांबूस गारगोटीच्या तुकड्यासारखा दिसतो. शेताच्या बांधावर, विहिरीच्या उपशात किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या खडीत तो नकळत निघून जातो.

अश्मीभूत लाकडाच्या तुकड्यावर लांबीच्या दिशेने धागे दिसतात. आडव्या तुटलेल्या बाजूवर बारीक ठिपके असतील, तर ते ताडवर्गीय झाडाचे खोड असण्याचा संभव असतो. असे ठिपके म्हणजे खोडातील रसवाहिन्यांचे जुडगे होत. तळ्याच्या थरातील चपट्या गारगोटीवर गोगलगायीच्या पिळदार शंखांचे ठसेही दिसतात. अखेरचा निर्णय मात्र प्रयोगशाळेत दगडाचा कागदासारखा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

जीवाश्मापेक्षाही तो मिळाल्याचे ठिकाण महत्त्वाचे असते. कोणत्या गावी, कोणत्या थरात, जमिनीपासून किती खोलीवर आणि कशाच्या सोबतीने तो मिळाला, ही माहिती नष्ट झाली म्हणजे अमोल नमुनाही शोभेची वस्तू होऊन बसतो. म्हणून असा दगड आढळल्यास तो न फोडता, न हलवता जागेची नोंद करावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवावे, हे उचित होय.

एका सरोवरकाठच्या गावाचे उदाहरण

अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या काठी पेटोस्की नावाचे विश्रांतिस्थान आहे. तेथील किनाऱ्यावर ३५ कोटी वर्षांहूनही जुन्या प्रवाळांचे जीवाश्म सापडतात. कोरडा असताना हा दगड सामान्य दिसतो. पाण्याने भिजला की त्यावर षट्‌कोनी कोशांची सुरेख नक्षी उमटते. उन्हाळ्यात येणारे प्रवासी हे दगड वेचतात, कारागीर त्यांना झिलई देऊन अलंकार बनवतात आणि गावाला त्यातून रोजगार मिळतो. मिशिगन राज्याने १९६५ साली या दगडाला राज्याचा अधिकृत दगड म्हणून मान्यता दिली. त्याचबरोबर राज्याच्या मालकीच्या जमिनीवरून एका व्यक्तीने वर्षाला २५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११ किलोंपेक्षा, अधिक दगड नेऊ नयेत, असे बंधनही तेथे आहे.

तेथे सरोवराच्या लाटा आणि हिवाळ्यातील बर्फ दरवर्षी नवे दगड किनाऱ्यावर आणून टाकतात, तरीही मर्यादा घालण्याची आवश्यकता भासली. गिरडच्या टेकडीला लाटा नाहीत. बेसाल्ट कुजून एक गाठ मोकळी होण्यास किती पावसाळे लागत असतील, याचा विचार केला, म्हणजे आठवण म्हणून खिशात टाकलेल्या प्रत्येक दगडाची किंमत कळून येते.

वारशाचे जतन

आपल्याकडेही या दिशेने पावले पडली आहेत. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे याच ज्वालामुखी युगातील अश्मीभूत वृक्षांचे राष्ट्रीय उद्यान आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान उभारले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने २०२२ साली विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध केला.

तथापि, कायदा आणि कुंपण यांच्या आधी माहिती पोचणे आवश्यक असते. सेवाग्राम पाहून बोर धरणाच्या जलाशयाकडे आणि अभयारण्याकडे जाणारे प्रवासी वर्धा जिल्ह्यात पुष्कळ येतात. गिरडला येणाऱ्या भाविकांची संख्याही मोठी आहे. टेकडीच्या पायथ्याशी आख्यायिका आणि दगडांची घडण सांगणारा एक फलक आणि त्याशेजारी फोडून दाखवलेली एक गाठ व खरे अश्मीभूत लाकूड मांडलेली एक पेटी, एवढी सोय झाली, तरी येणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला दोन्हींतील भेद आपल्या डोळ्यांनी पाहता येईल. परिसरातील शाळांना आपल्या गावच्या दगडांची नोंदवही ठेवता येईल. विहीर खणताना किंवा खाण काढताना मध्येच लागलेला पांढरा थर म्हणजे एखाद्या प्राचीन तळ्याचा तळ असू शकतो, हे शेतकऱ्याला आणि कंत्राटदाराला ठाऊक असेल, तर पुष्कळ काही वाचेल.

बाबांच्या टेकडीवरील दगड जीवाश्म नाहीत, या माहितीने भाविकांच्या श्रद्धेला बाध येण्याचे कारण नाही. दर्ग्यावर येणारा मनुष्य दगडांच्या परीक्षेसाठी येत नाही. उलट ज्या दगडाने व्यापाऱ्यांच्या गर्वाची कथा इतकी शतके जिवंत ठेवली, तोच दगड पृथ्वीच्या अंतरंगातील अग्नीची आणि पाण्याच्या संथ कारागिरीची कथाही सांगतो, ही जाणीव त्याचे महत्त्व वाढवणारीच आहे. कथेतील व्यापाऱ्यांना दगड झालेल्या मालाच्या बदल्यात नवा माल मिळाला. या टेकडीवरून आणि भोवतालच्या शेतांतून एकदा नाहीसा झालेला ठेवा मात्र कोणीही भरून देऊ शकणार नाही. तो जेथे आहे तेथेच राहू द्यावा, पाहावा, समजून घ्यावा आणि पुढच्या पिढीला दाखवावा, यातच त्याचा खरा सन्मान आहे.